कागदाची वायुनौका: पाकळीचे माप आणि गोव्याची हवा

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांची एक शाखा अशी आहे की जिच्यातला काळ राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीचा, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांमधला असतो, पण यंत्रे मात्र त्या काळाने नुसती स्वप्नात पाहिलेली असतात. अशा खेळात वायुनौका, म्हणजे वायूने भरलेल्या फुग्याखाली माणसांचा पाळणा टांगलेले उडते जहाज, हवीच. धातूच्या किंवा रेझिनच्या तयार नौका परदेशातून मागवता येतात. परंतु एका नौकेच्या किमतीत आणि टपालखर्चात कागदाचे अख्खे आरमार उभे राहते, शिवाय धातूची जड नौका हवेत तरंगती दाखवण्यासाठी उंच काडीवर ठेवली की ती कलंडण्याची धास्ती सतत असते. फोंड्यात आम्ही चार-पाच जण हा खेळ खेळतो आणि आमच्या सर्व नौका कागदाच्या आहेत. गोव्यात गल्लोगल्ली आकाशकंदिलांच्या स्पर्धा होतात, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांच्या हाताला यातले निम्मे काम आधीच ठाऊक असते. उरलेले निम्मे काम मापाचे आहे आणि तेच बहुतेकांचे चुकते, म्हणून या लेखात मापावर अधिक जागा खर्च केली आहे.

प्रथम प्रमाण ठरवावे. आम्ही एकास तीनशे हे प्रमाण वापरतो, कारण या प्रमाणात माणूस सुमारे ६ मिलिमीटर उंचीचा होतो आणि त्या आकाराचे सैनिक व तोफा युद्धखेळात सर्रास मिळतात. प्रत्यक्ष इतिहासातल्या नौका या प्रमाणात केवढ्या होतात ते पाहिले तर आपल्या टेबलाचा अंदाज येतो. आंरी जिफारची वाफेची नौका ४४ मीटर लांब होती. ती सुमारे १४७ मिलिमीटरची होईल. रनार आणि क्रेब्स यांची ‘ला फ्रांस’ ५२ मीटरची, म्हणजे १७३ मिलिमीटर. काउंट झेपेलिनची पहिली नौका २ जुलै १९०० रोजी उडाली, ती १२८ मीटर लांब होती. तिची प्रतिकृती जवळजवळ ४२७ मिलिमीटर होते आणि टेबलावर वळवताना शेजारच्या दोन नौकांना धक्का देते. म्हणून आपण ६० मीटर लांब आणि १५ मीटर व्यासाची एक काल्पनिक गस्ती नौका घेऊ. तिची प्रतिकृती २०० मिलिमीटर लांब आणि मध्यभागी ५० मिलिमीटर व्यासाची होईल. या आकाराचा मोठा फायदा असा की तिच्या फुग्याचे संपूर्ण कवच एका ए-फोर कागदावर मावते.

आकार निवडताना एक मोह टाळावा. वायुनौका म्हटली की डोळ्यांसमोर विसाव्या शतकातील झेपेलिन येते: लांबच लांब नळीसारखे शरीर आणि शेपटीला फुलीच्या आकाराचे चार मोठे पंख. बहुतेक व्हिक्टोरियन नौका तशा नव्हत्या. २४ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसहून निघून सुमारे २७ किलोमीटर गेलेल्या जिफारच्या नौकेचा फुगा दोन्ही टोकांना निमुळता होता, त्यावर जाळे टाकलेले होते, जाळ्याच्या दोऱ्यांना एक लांब आडवा दांडा टांगलेला होता, त्या दांड्याखाली तीन अश्वशक्तीचे इंजिन होते आणि सुकाणू म्हणून मागे चक्क एक त्रिकोणी शीड होते. ‘ला फ्रांस’ने ९ ऑगस्ट १८८४ रोजी विजेच्या मोटरीवर ८ किलोमीटरची फेरी २३ मिनिटांत पूर्ण केली आणि ती निघाली होती त्याच जागी परत उतरली, नियंत्रित उड्डाणाच्या इतिहासात ही मोठी गोष्ट मानली जाते. तिचा पंखा मागे नव्हे तर पुढे होता, आणि तिचा लांबलचक पाळणा बांबूच्या सांगाड्यावर रेशीम ताणून केलेला होता. बांबूच्या कामट्यांवर कागद ताणणाऱ्या आपल्या लोकांना ही नौका परकी वाटण्याचे कारण नाही.

खेळातली नौका काल्पनिक असली तरी वजनाचे भान ठेवले तर ती खरी वाटते. आपल्या ६० मीटरच्या नौकेच्या फुग्यात सुमारे ७,००० घनमीटर वायू मावेल. एक घनमीटर हायड्रोजन ढोबळमानाने १.१ किलो वजन उचलतो, म्हणजे कापड, जाळे, यंत्र, कोळसा आणि माणसे धरून सगळी मिळकत साडेसात टनांच्या जवळपास. त्या काळची जहाजावरची एक मोठी तोफच काही टन भरत असे. तेव्हा पाळण्याला चिलखती पत्रे आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा तोफा लावण्याआधी विचार करावा. खेळाच्या नियमांत एखादे अद्भुत उचलक द्रव्य असेल तर गोष्ट वेगळी. परंतु माझ्या मते एक हलकी तोफ आणि दोन दुर्बिणवाले अधिक शोभून दिसतात.

आता कागद. कवचासाठी १२० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणारा), पाळण्यासाठी १८० ते २०० जीएसएमचा आणि आतल्या सांगाड्याच्या चकत्यांसाठी ३०० जीएसएमच्या आसपासचा जाड कार्ड कागद लागतो. चकत्यांसाठी विकत काही आणू नये. घरात साठलेल्या लग्नपत्रिका या कामाला उत्तम असतात. कागदाला धागा असतो, म्हणजे त्याचे तंतू प्रामुख्याने एका दिशेने पसरलेले असतात, आणि ही दिशा न पाहता केलेले कवच कधीच नीट वळत नाही. एकाच कागदातून एक उभी आणि एक आडवी अशा सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापून एका टोकाला एकत्र धरल्या की जी पट्टी कमी वाकते तिच्यात धागा लांबीच्या दिशेने आहे. फुग्याचे कवच आठ उभ्या, टोकांना निमुळत्या पट्ट्यांचे बनते, त्यांना पाकळ्या म्हणायचे. पाकळीची लांबी धाग्याच्या दिशेने ठेवावी, म्हणजे कागद नौकेभोवती सहज गोल वळतो.

याच धाग्यामुळे गोव्यात ऋतूचाही विचार करावा लागतो. कागद ओलावा शोषतो तेव्हा तो धाग्याच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो. आपल्या नौकेत ती दिशा घेराची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल आलेली असताना कापलेल्या आणि चिकटवलेल्या पाकळ्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि कोरड्या दिवसांत केलेली उघडी नौका पावसाळ्यात सैल पडून सुरकुतते. माझ्या पहिल्या दोन नौका मी जूनमध्ये कपाटावर ठेवून दिल्या होत्या. चवथीला गणपतीवर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधण्यासाठी शिडी आणली तेव्हा त्या सहज हाती लागल्या, तर त्यांचे सांधे शेंगेसारखे उकललेले होते. तेव्हापासून कवचाचे काम मी दिवाळीनंतरच काढतो. पावसाळ्यात करायचेच असेल तर आठही पाकळ्या एकाच बैठकीत कापून, चिकटवून मोकळे व्हावे.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल घ्यावा, पण तो काडीच्या टोकाने, दिसेल न दिसेल इतका पातळ लावावा, कारण त्यातले पाणी कागदाला वाकवते. आकाशकंदिलासाठी आपण मैद्याची खळ करतो, ती इथे चालणार नाही. कंदील महिनाभर टिकला की पुरे. नौका वर्षानुवर्षे टिकायची आहे, आणि खळीचा वास लागला की कसर व झुरळे शत्रूच्या आरमाराआधी येऊन पोचतात.

पाकळीचे माप हा या साऱ्याचा गाभा आहे. नौकेच्या लांबीवर कोणत्याही ठिकाणी जो व्यास असेल त्याला ३.१४ ने गुणून घेर काढावा आणि त्याला पाकळ्यांच्या संख्येने, इथे आठने, भागावे; आलेले उत्तर म्हणजे त्या ठिकाणची पाकळीची रुंदी. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. चूक पुढे होते. पाकळी नौकेच्या अक्षावरून सरळ जात नाही, ती फुगवट्यावरून वळत जाते. म्हणून तिची लांबी अक्षावर न मोजता वक्रावर मोजावी लागते. आपल्या नौकेच्या मध्यापासून टोकापर्यंत अक्षावर अंतर १०० मिलिमीटर आहे, पण वक्रावर ते १०७ भरते. हे सात मिलिमीटर मी पहिल्या वेळी धरलेच नव्हते. दोन्ही टोकांना पाकळ्या आखूड पडल्या, तेव्हा मी शहाणपणा करून आतला कणाच कापून लहान केला, आणि बोथट तोंडाचे, पोट सुटलेले काहीतरी तयार झाले. भाच्याने ते हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिले आणि म्हणाला, “मामा, ही वायुनौका नव्हे, पर्ऱ्याचं कलिंगड झालं.” पर्रा हे कलिंगडांसाठी प्रसिद्ध असलेले गोव्यातले गाव. त्या नौकेला आम्ही आजही कलिंगडच म्हणतो आणि ती मालवाहू म्हणून खेळात येते.

लंबगोल आकाराच्या नौकेसाठी काढलेली मापे पुढीलप्रमाणे आहेत. सर्व आकडे मिलिमीटरमध्ये आहेत. पहिला आकडा पाकळीच्या मध्यरेषेवर मध्यापासून मोजायचे अंतर, दुसरा त्या ठिकाणचा नौकेचा व्यास आणि तिसरा पाकळीची पूर्ण रुंदी.

० वर: ५०, १९.६
२५ वर: ४८.४, १९
५० वर: ४३.३, १७
७६ वर: ३३.१, १३
९२ वर: २१.८, ८.६
१०७ वर: ०, ०

रुंदी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी मांडून बिंदू घ्यावेत आणि ते सरळ रेषांनी न जोडता लवचीक पट्टीने हलक्या वक्राने जोडावेत. आठ पाकळ्या स्वतंत्र कापण्याची मात्र गरज नाही. मध्यापासून दहा-दहा मिलिमीटरपर्यंत पाकळीची रुंदी जेमतेम एक दशांश मिलिमीटरने कमी होते, आणि एवढा फरक कात्रीलाही कळत नाही. म्हणून आठही पाकळ्या शेजारी शेजारी आखाव्यात आणि मधला २० मिलिमीटरचा पट्टा अखंड ठेवून त्याच्या वर व खाली तेवढे कापावे. असे केल्याने १५७ मिलिमीटर लांबीचा एक कमरपट्टा आणि त्याला दोन्ही बाजूंनी आठ-आठ अर्ध्या पाकळ्या, असा एकच तुकडा हाती येतो. पट्ट्याच्या एका टोकाला चिकटवण्यासाठी ६ मिलिमीटरची जीभ जास्त ठेवावी. आखणी संगणकावर करून छापणार असाल तर कागदाच्या कडेला १०० मिलिमीटरची एक रेघ ओढून ठेवावी आणि छापून आल्यावर ती पट्टीने मोजावी. झेरॉक्सच्या दुकानात यंत्र आपल्या मर्जीने चित्र लहान करते आणि ते घरी येईपर्यंत लक्षात येत नाही.

छापलेल्या कागदावर जाळ्याच्या बारीक तिरप्या रेघा आधीच असाव्यात, कारण गोल झालेल्या फुग्यावर त्या नंतर काढणे जवळजवळ अशक्य असते. कापल्यानंतर प्रत्येक कडेवर त्याच रंगाची पेन्सिल फिरवावी, नाहीतर सांध्यांतून कागदाच्या पांढऱ्या रेषा डोकावतात. मग जाडसर टॉवेलची घडी करून त्यावर कागद पालथा ठेवावा आणि पेन्सिल आडवी न धरता पाकळीच्या लांबीला समांतर धरून तळव्याने दाबत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाटावी. दोन-तीन वेळा लाटल्यावर कागद आपणहून पन्हळीसारखा वळतो. वळण हातात जाणवेपर्यंत गोंदाची बाटली उघडू नये.

आतला सांगाडा सोपा आहे. माडाच्या झावळीचा जाड, सरळ आणि पूर्ण वाळलेला हीर १९५ मिलिमीटर लांब कापून तो कणा म्हणून घ्यावा. ओला हीर नंतर वाकतो. त्यावर पाच चकत्या बसवाव्यात: एक मधोमध, दोन मध्यापासून ५० मिलिमीटरवर आणि दोन ७५ मिलिमीटरवर. लक्षात घ्यावे की कण्यावरची ही अंतरे अक्षावरची आहेत, पाकळीवरच्या ५० आणि ७६ या खुणांशी ती बरोबर जुळतात. चकत्यांचे व्यास वरच्या आकड्यांपेक्षा अर्धा ते पाऊण मिलिमीटर कमी घ्यावेत, कारण कवचाच्या कागदालाही जाडी असते. मधली चकती दुहेरी चिकटवावी, पुढे काडीचा सगळा भार तिच्यावर येणार आहे.

तो भार पेलण्यासाठी खोबण आत्ताच करून ठेवावी लागते, कवच मिटल्यावर आत हात जात नाही. सायकलच्या जुन्या स्पोकवर, हीच आपली काडी, मेणबत्ती घासावी, त्याच्यावर कागदाची १५ मिलिमीटर रुंद पट्टी गोंद लावत घट्ट गुंडाळावी आणि सुकल्यावर स्पोक ओढून काढावा. तयार झालेली नळी मधल्या चकतीला खालच्या बाजूने उभी चिकटवावी.

कवच मिटवण्यापूर्वी प्रत्येक अर्ध्या पाकळीच्या उजव्या कडेला आतून पातळ कागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी अशी चिकटवावी की तिचा अर्धा भाग बाहेर राहील. शेजारची पाकळी या बाहेर आलेल्या भागावर बसते आणि कडेला कड भिडते. पाकळीवर पाकळी चढवली तर प्रत्येक सांध्यावर उंचवटा राहतो आणि दिव्याच्या उजेडात तो ठळक दिसतो. प्रथम कमरपट्टा मधल्या चकतीभोवती गुंडाळून जिभेने बंद करावा, नळीच्या तोंडाशी छिद्र पाडावे आणि अर्धा तास थांबावे. त्यानंतर एका बाजूच्या समोरासमोरच्या दोन पाकळ्या ५० मिलिमीटरवरच्या चकतीवर टेकवाव्यात, मग त्यांना काटकोनात असलेल्या दोन, आणि मग उरलेल्या चार. ओळीने एकापाठोपाठ एक चिकटवत गेल्यास सगळी लहानसहान चूक शेवटच्या पाकळीत गोळा होते आणि नौकेला पीळ पडतो. टोकाकडचा भाग घाईने करू नये. शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये आठ टोके एकमेकांवर चढतात, म्हणून ती तेवढी छाटून टाकावीत आणि त्या जागी ८ मिलिमीटरची गोल टिकली चमच्याच्या पाठीने किंचित फुगवून बसवावी.

पाळणा म्हणजे साधी कागदी पेटी आहे, तिच्यावर फार लिहिण्यासारखे नाही. ९० मिलिमीटर लांब, १२ रुंद आणि ८ उंच एवढी ती पुरे. तळाला काडीसाठी छिद्र ठेवावे, म्हणजे स्पोक पाळण्यातून आरपार जाऊन वरच्या नळीत शिरतो आणि दोन्ही भाग एका रेषेत राहतात. पंख्याची पाती कागदाची कापता येतात. पारदर्शक प्लास्टिकची चकती बसवली तर पंखा फिरत असल्याचा भास होतो. ‘ला फ्रांस’चा पंखा ७ मीटर व्यासाचा होता, या प्रमाणात तो २३ मिलिमीटरचा होतो, तेव्हा पंखा मोठा करायला भिऊ नये. धुराड्याच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. ज्वलनशील वायूने भरलेल्या फुग्याखाली कोळसा पेटवताना जिफारने धुराडे खालच्या दिशेला वळवले होते आणि भट्टीच्या तोंडाला तारेची जाळी लावली होती. फुग्याच्या पाठीतून आगबोटीसारखे उंच धुराडे काढलेल्या नौका चित्रात रुबाबदार दिसतात, पण त्यांच्यावर चढायला कोणी खलाशी तयार झाला नसता.

फुगा आणि पाळणा जोडणाऱ्या दोऱ्यांसाठी शिवणाचा दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यावा, म्हणजे त्याची लव बसते आणि तो ओलाव्याने ढिला पडत नाही. एका बाजूला पाच-सहा दोऱ्या पुरतात.

रंग आणि निशाणे यांवर प्रत्येकाची आवड वेगळी असते. आमच्या एका खेळात १८८८ साली सुरू झालेल्या मुरगाव बंदराच्या रेल्वेमार्गावर डोळा ठेवून इंग्रजांची वायुनौका गोव्याच्या हद्दीत शिरते आणि पोर्तुगीज नौका तिला आग्वादच्या दीपगृहापाशी अडवते. हे दीपगृह १८६४ सालचे आहे, म्हणजे काळाशी जुळते. निशाण मात्र जपून निवडावे: पोर्तुगालचा हिरवा-तांबडा झेंडा १९१० मधल्या प्रजासत्ताकानंतरचा आहे, व्हिक्टोरियन काळात त्यांचा झेंडा निळा-पांढरा होता आणि मधे मुकुटासह राजचिन्ह होते. आमच्या पहिल्या पोर्तुगीज नौकेवर हिरवा-तांबडा लागला होता आणि तो खरवडताना कवचालाच भोक पडले, जे आता तोफगोळ्याचे म्हणून खपते.

नौका पूर्ण झाली की पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ थर द्यावेत. कागद ओलावा कमी शोषतो. इंकजेटवर छापले असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर फवारून रंग पसरत नाही ना ते पाहावे. हवा दमट असताना फवारणी केली तर द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतले बाष्प धरते आणि सगळ्या नौकेवर पांढुरकी झाक येते. म्हणून हिवाळ्यातला कोरडा दिवस पाहावा आणि पहाटेचे दव पूर्ण उडून ऊन चढल्यावर, दहा-अकराच्या सुमारास, हे काम करावे.

शेवटी काडी आणि बैठक. दोन उंचीचे स्पोक ठेवावेत, ९० आणि १४० मिलिमीटर, म्हणजे खेळात नौका वर चढली किंवा खाली उतरली की नुसती काडी बदलता येते. बैठक ६० मिलिमीटर व्यासाची असावी आणि तिच्या पोटात लोखंडी वायसर किंवा जुनी नाणी चिकटवून तिचे वजन निदान ७०-८० ग्रॅम करावे. कवचाचा कागद सारा मिळून तीन ग्रॅमच्या आसपास भरतो, सगळी नौका पंधराएक ग्रॅमची, आणि गोव्यात छताचा पंखा बंद ठेवून तीन तास खेळणे कोणाला शक्य नाही. खेळ सुरू करण्यापूर्वी सगळ्या नौका टेबलावर मांडून पंखा पाचावर लावावा. जी नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड फिरवते तिच्या नळीत कागदाची एक बारीक चिंधी घालून काडी घट्ट करावी, आणि जी बैठकीसकट सरकते तिला आणखी दोन वायसर द्यावेत.